आकडा वाचण्याआधी फॉर्म वाचा : प्लास्टिक कारखान्यांच्या हवा-अहवालांची पन्नास वर्षं

पीएचडीला प्रवेश घेण्याच्या तयारीत असलेले विद्यार्थी पर्यावरणाच्या इतिहासाबद्दल बोलायला लागले की पहिला प्रश्न ठरलेला असतो : "डेटा कुठे मिळेल?" प्रश्न बरोबर आहे, पण त्याच्या आधी आणखी एक प्रश्न यायला हवा. तो डेटा मुळात कुणी, कुणाला, कशासाठी दिला होता? प्रदूषणाचा कुठलाही सरकारी आकडा म्हणजे कुणीतरी विचारलेल्या प्रश्नाचं उत्तर असतं. प्रश्न बदलला की आकडा बदलतो, भले हवा तीच असो. आजच्या लेखात हे एका उदाहरणावरून बघू : अमेरिकेतले प्लास्टिक आणि रेझिन तयार करणारे कारखाने, त्यातही पीव्हीसीचे, आणि हवेत काय सोडलं याचा त्यांनी द्यायचा अहवाल.

अमेरिकेचंच उदाहरण घेण्याची कारणं दोन. एक म्हणजे तिथले नियम, फॉर्म आणि न्यायालयाचे निकाल सगळे छापील आणि खुले आहेत, त्यामुळे सिनॉप्सिस लिहिताना पद्धत शिकायला सोपं जातं. दुसरं असं की या कथेच्या मधोमध भोपाळ आहे.

आधी थोडं रसायनशास्त्र

घाबरू नका, एवढंच पुरेसं आहे. पीव्हीसी ज्यापासून बनतं तो कच्चा पदार्थ म्हणजे व्हिनाइल क्लोराइड. नेहमीच्या तापमानाला तो वायू असतो. मोठ्या बंद भांड्यात, म्हणजे रिॲक्टरमध्ये, दाबाखाली त्याचे रेणू एकमेकांना जोडले जातात आणि पांढरी पावडर तयार होते. धंद्यात हिलाच रेझिन म्हणतात. पुढे तिच्यापासून पाइप, वायरींचं आवरण, फरशीवरचे शीट वगैरे होतं.

पण सगळा वायू जोडला जात नाही. थोडा पावडरीत अडकून राहतो आणि ती वाळवताना बाहेर पडतो. थोडा व्हॉल्व्ह, पंप आणि पाइपांच्या जोडांमधून झिरपतो. रिॲक्टर उघडला की थोडा निसटतो, आणि आतला दाब फार वाढला तर सुरक्षा व्हॉल्व्ह उघडून एकदम बराचसा बाहेर जातो. ही चार ठिकाणं लक्षात ठेवा, कारण पुढचा सगळा इतिहास यातलं कुठलं ठिकाण अहवालात येतं आणि कुठलं राहून जातं याचाच आहे.

१९७४ : अहवाल कंपनीच्या घरातच

जानेवारी १९७४. केंटकी राज्यातल्या लुइव्हिल शहरात बी. एफ. गुडरिच कंपनीचा पीव्हीसीचा कारखाना होता. तिथल्या कामगारांवर उपचार करणारे डॉ. जॉन क्रीच यांच्या लक्षात आलं की एकाच कारखान्यातल्या अनेकांना यकृताचा अँजिओसार्कोमा झालाय. हा कर्करोग इतका दुर्मीळ आहे की एका डॉक्टरला आख्ख्या कारकिर्दीत एकही रुग्ण दिसू नये. कंपनीने सरकारला कळवलं आणि बातमी सगळीकडे गेली.

रिॲक्टरच्या आतल्या भिंतीला चिकटलेला थर कामगार त्या काळी आत उतरून हाताने खरवडत. या कामगारांच्या बोटांची हाडं झिजतात हे १९६० च्या दशकातच वैद्यकीय नियतकालिकांत आलं होतं. इटलीत चेझारे माल्टोनी यांनी उंदरांवर प्रयोग केले होते आणि व्हिनाइल क्लोराइडमुळे कर्करोग होतो हे त्यांत दिसलं होतं. युरोपातल्या कंपन्यांनी हे निष्कर्ष अमेरिकी कंपन्यांना कळवले, ते गुप्त ठेवण्याच्या अटीवर. हा पत्रव्यवहार पुढे न्यायालयीन खटल्यांतून बाहेर आला. जेराल्ड मार्कोविट्झ आणि डेव्हिड रोझनर या इतिहासकारांनी त्यावर 'डिसीट अँड डिनायल' हे पुस्तक २००२ मध्ये लिहिलं. कामगार-आरोग्याच्या इतिहासावर काम करायचं असेल तर ते वाचाच.

इथे संशोधक म्हणून काय टिपायचं? १९७४ च्या आधीही अहवाल होते. प्रयोगांचे होते, बैठकांच्या इतिवृत्तांत होते, कंपनीच्या डॉक्टरांकडेही होते. पण ते बाहेर कुणाला देण्याचं बंधन नव्हतं. म्हणून त्या काळाबद्दल सरकारी दप्तरात फारसं काही सापडत नाही, सापडतं ते खटल्यांच्या कागदपत्रांत. "साधनं उपलब्ध नाहीत" असं सिनॉप्सिसमध्ये लिहून टाकण्याआधी त्या विषयावर खटला झाला होता का, हे बघा.

बातमी फुटल्यावर चक्रं भराभर फिरली. कामगार सुरक्षिततेचं काम बघणाऱ्या ओशा या संस्थेने ५०० पीपीएमची जुनी मर्यादा एप्रिल १९७४ मध्ये तातडीने ५० वर आणली. त्याच वर्षी कायमस्वरूपी नियम आला : आठ तासांच्या सरासरीत १ पीपीएम, १९७५ पासून लागू. हे शक्य नाही, धंदा बसेल, असं उद्योगाचं म्हणणं होतं. न्यायालयाने नियम कायम ठेवला आणि पीव्हीसीचं उत्पादनही चालू राहिलं.

१९७६ : दहा दिवसांत लेखी कळवा

ओशाचा नियम कारखान्याच्या आतल्या हवेचा होता. कुंपणाबाहेरच्या हवेचं काय? ती जबाबदारी पर्यावरण संरक्षण संस्थेची, म्हणजे ईपीएची. तिचा व्हिनाइल क्लोराइडचा नियम २१ ऑक्टोबर १९७६ रोजी प्रसिद्ध झाला. यंत्रांतून बाहेर पडणाऱ्या वायूत जास्तीत जास्त १० पीपीएम अशी मर्यादा बहुतेक ठिकाणी घातली गेली. रेझिनमध्ये किती वायू उरलेला चालेल याचीही मर्यादा आली : डिस्पर्शन प्रकारच्या रेझिनसाठी २००० पीपीएम आणि बाकीच्यांसाठी ४००. गळती शोधून बंद करण्याचा कार्यक्रम प्रत्येक कारखान्याने राबवायचा होता. म्हणजे वर सांगितलेली चारही ठिकाणं पहिल्यांदाच कागदावर आली.

मला या नियमातला सगळ्यात महत्त्वाचा भाग वाटतो तो सुरक्षा व्हॉल्व्हचा. नियम म्हणतो, आणीबाणी वगळता व्हॉल्व्हमधून वायू सोडायचा नाही. सुटलाच, तर दहा दिवसांत लेखी अहवाल द्यायचा. त्यात लिहायचं ते असं : कुठून सुटला, कसा सुटला, कारण काय, तारीख आणि वेळ, अंदाजे एकूण किती सुटला, हा अंदाज कोणत्या पद्धतीने काढला, आणि पुन्हा होऊ नये म्हणून काय केलं.

आता 'आणीबाणी'ची व्याख्या बघा. आधी खबरदारी घेऊनही जो टाळता आला नसता तो विसर्ग म्हणजे आणीबाणीचा विसर्ग. म्हणजे 'कारण काय' या रकान्यात काय लिहिलंय त्यावर नियमभंग झाला की नाही हे ठरतं! ऑपरेटरची चूक म्हटलं तर टाळता आलं असतं. अचानक वीज गेली म्हटलं तर वाद घालता येतो. हा रकाना भरणाऱ्याला हे पक्कं माहीत असतं. तेव्हा असे अहवाल घटनेचं सरळ वर्णन म्हणून वाचता येत नाहीत. घटना घडली होती, तारीख खरी आहे, पण कारण म्हणून लिहिलेलं वाक्य एक बाजू मांडण्यासाठी लिहिलेलं आहे. पोलिसांचा पंचनामा किंवा जमिनीच्या दाव्यातली कैफियत वाचताना इतिहासाचा विद्यार्थी जी सावधगिरी बाळगतो, तीच इथे लागते.

आणखी एक. हे अहवाल ईपीएकडे जात. शेजारच्या वस्तीत राहणाऱ्या माणसाच्या दारात ते येत नसत.

भोपाळ आणि १९८६ चा कायदा

२ आणि ३ डिसेंबर १९८४ च्या मधल्या रात्री भोपाळमध्ये युनियन कार्बाइडच्या कारखान्यातून मिथाइल आयसोसायनेट सुटला. तो कारखाना प्लास्टिकचा नव्हता, कीटकनाशकाचा होता. पण कार्बाइड ही अमेरिकी कंपनी, आणि हेच रसायन ती वेस्ट व्हर्जिनियातल्या इन्स्टिट्यूट नावाच्या गावीही वापरत होती. ऑगस्ट १९८५ मध्ये त्याच गावच्या कारखान्यातून दुसऱ्या एका रसायनाची गळती झाली आणि शंभराहून जास्त लोकांवर उपचार करावे लागले. आपल्या शेजारच्या कारखान्यात काय साठवलंय, हा प्रश्न आता अमेरिकी माणूस स्वतःच्या गावाबद्दल विचारायला लागला.

त्यातून ऑक्टोबर १९८६ मध्ये आपत्कालीन नियोजन आणि समाजाच्या माहितीच्या हक्काचा कायदा आला. त्याच्या ३१३ व्या कलमाने विषारी पदार्थांच्या विसर्गाची एक राष्ट्रीय यादी सुरू केली. तिला सगळे टीआरआय म्हणतात. उत्पादन क्षेत्रातल्या ठराविक कारखान्यांनी दर वर्षी १ जुलैपर्यंत आदल्या वर्षाचा हिशेब 'फॉर्म आर'वर भरायचा. प्लास्टिक आणि रेझिन बनवणारे कारखाने पहिल्या दिवसापासून त्यात होते.

सगळ्यात मोठा बदल म्हणजे ही माहिती संगणकावरून लोकांना खुली करावी असं कायद्यातच लिहिलंय. उद्देश सांगताना संशोधकांचा उल्लेखही त्यात स्पष्टपणे आहे. म्हणजे तुमच्या-माझ्यासारख्यांसाठी कायद्याने दार उघडलं, आणि ते भोपाळमधल्या हजारो मृत्यूंनंतर उघडलं. टीआरआयचा आकडा वापरताना ही गोष्ट तळटीपेत ढकलून देण्याइतकी छोटी नाही.

परिणाम चटकन दिसले. आकडे छापले जाणार म्हटल्यावर, पहिली यादी लोकांसमोर येण्याच्या आधीच, म्हणजे १९८८ मध्ये, मोन्सँटो कंपनीने हवेतला विषारी विसर्ग १९९२ अखेरपर्यंत ९० टक्क्यांनी कमी करू असं जाहीर केलं. कुठल्याही नियमाने त्यांना ही टक्केवारी सांगितलेली नव्हती.

फॉर्म आर वाचताना

इथे जरा थांबून पद्धतीकडे बघू. परीक्षेच्या आणि व्हायवाच्या दृष्टीने हा भाग कामाचा आहे.

पहिली गोष्ट, उंबरठा. ठराविक प्रमाणापेक्षा जास्त रसायन बनवणाऱ्या किंवा प्रक्रिया करणाऱ्यालाच फॉर्म भरावा लागतो. ही मर्यादा १९८७ साठी ७५,००० पाउंड, १९८८ साठी ५०,००० आणि १९८९ पासून २५,००० होती. म्हणजे पहिल्या तीन वर्षांत नवे कारखाने यादीत येत गेले ते उंबरठा खाली आला म्हणून. शिवाय दहापेक्षा कमी पूर्णवेळ कामगार असलेली छोटी युनिटं यादीच्या बाहेरच आहेत.

दुसरी गोष्ट, यादीतली रसायनं. १९९४ च्या अखेरीस ईपीएने जवळपास तीनशे नवी रसायनं घातली, ती १९९५ च्या हिशेबापासून धरली गेली. उलट ॲसिटोन १९९५ मध्ये यादीतून वगळलं. फायबरग्लासच्या कामात रेझिन लागलेली अवजारं धुवायला ॲसिटोन सर्रास वापरतात. त्या कारखान्याचा एकूण आकडा एकदम खाली आला, तर हवा स्वच्छ झाली म्हणून आला की रकानाच गेला म्हणून, हे आधी तपासायला हवं.

तिसरी, उद्योगाचा सांकेतिक क्रमांक. रेझिन बनवणाऱ्यांचा जुना क्रमांक २८२१ होता. २००६ च्या हिशेबापासून नवी पद्धत आली आणि तो ३२५२११ झाला. दोन वर्गीकरणांच्या कडा तंतोतंत जुळतातच असं धरू नका.

चौथी आणि सगळ्यात महत्त्वाची, आकडा आला कुठून. हवेसाठी फॉर्मवर दोन रकाने आहेत : एक चिमणीतून किंवा नळीतून जाणाऱ्या विसर्गाचा, दुसरा झिरपणाऱ्याचा, म्हणजे व्हॉल्व्ह, पंप, जोड वगैरेंचा. प्रत्येक आकड्यापुढे तो कसा काढला याचं एक अक्षर असतं : मोजमाप, वस्तुमानाचा ताळा, उत्सर्जन गुणांक की इतर काही अंदाज. कायदा स्पष्ट सांगतो की या फॉर्मसाठी नव्याने मोजमाप करण्याची सक्ती नाही. हाताशी असलेली माहिती किंवा वाजवी अंदाज चालतो.

एक काल्पनिक उदाहरण घेऊ. समजा एक कारखाना वर्षाला १ लाख टन रेझिन बनवतो. गुणांकाच्या पुस्तकात एका टनामागे अर्धा किलो वायू सुटतो असं आहे, म्हणून तो ५० टन लिहितो. पुढच्या वर्षी तो ०.२ किलोचा नवा गुणांक वापरतो आणि २० टन लिहितो. आलेखावर ६० टक्के घट दिसते. कारखान्यात मात्र एक नटसुद्धा बदललेला नाही. म्हणून आलेख काढताना विसर्गाच्या आकड्याच्या शेजारी ते अक्षरही एक्सेलमध्ये घ्या. ज्या वर्षी अक्षर बदललं तिथे खूण करा.

मॉसव्हिल : न विचारलेला प्रश्न

१९९० मध्ये अमेरिकेच्या हवा कायद्यात मोठी दुरुस्ती झाली. घातक हवा-प्रदूषकांची १८९ नावांची यादी कायद्यातच आली, आणि उद्योगांच्या एकेका गटासाठी नियम करण्याचं काम ईपीएवर सोपवलं गेलं. रेझिनचे नियमही गटागटाने आले : इपॉक्सीसारख्या रेझिनचे १९९५ मध्ये, पॉलिस्टायरिनसारख्या थर्मोप्लास्टिकचे १९९६ मध्ये, फेनॉलिक आणि अमिनो रेझिनचे २००० मध्ये.

पीव्हीसीची वेळ २००२ मध्ये आली. ईपीएने सोपा रस्ता घेतला. १९७६ चा जुना नियम पुरेसा आहे, व्हिनाइल क्लोराइडवर लक्ष ठेवलं की बाकीच्या प्रदूषकांवरही आपोआप ठेवलं जातं, असं तिचं म्हणणं. थोडक्यात, एका वायूला सगळ्यांचा प्रतिनिधी ठरवलं.

लुइझियाना राज्यात लेक चार्ल्सजवळ मॉसव्हिल नावाची कृष्णवर्णीयांची जुनी वस्ती आहे. रासायनिक कारखान्यांनी वेढलेली. तिथल्या रहिवाशांची संघटना आणि सिएरा क्लब यांनी या नियमाला आव्हान दिलं. एका वायूचा आकडा बाकीच्यांबद्दल काय सांगतो, हे ईपीएने दाखवलेलंच नाही, असा मुद्दा होता. न्यायालयाने जून २००४ मध्ये तो मान्य केला आणि नियम रद्द ठरवला. नवा नियम यायला एप्रिल २०१२ उजाडलं. त्यात व्हिनाइल क्लोराइडसोबत डायॉक्सिन आणि फ्युरान, हायड्रोजन क्लोराइड आणि एकूण सेंद्रिय घातक प्रदूषक यांच्या स्वतंत्र मर्यादा आल्या. मर्यादा आली की मोजणी आली, नोंद आली, अहवाल आला.

आता विचार करा. १९७६ ते २०१२ या काळात या नियमाखाली आलेले अहवाल घेऊन एखाद्याने पीव्हीसी कारखान्यांच्या हवेचा इतिहास लिहिला, तर तो जवळजवळ एकाच वायूचा इतिहास होईल. बाकीचे वायू हवेत होते. मॉसव्हिलचे लोक ती हवा घेत होते. नियमाने त्यांच्याबद्दल विचारलं नव्हतं, एवढंच. कागदावर नसणं आणि हवेत नसणं यांतला हा फरक त्या वस्तीने न्यायालयात जाऊन सिद्ध केला, आणि त्याला संशोधनातल्या एखाद्या निष्कर्षाइतकंच वजन आहे.

त्यानंतरचं एक पाऊल २०२४ चं. रासायनिक आणि काही प्रकारच्या रेझिन कारखान्यांसाठी ईपीएने कुंपणावर हवा मोजण्याची अट घातली. सहा रसायनांसाठी, त्यात व्हिनाइल क्लोराइडही आहे. आतून काढलेल्या अंदाजाला बाहेरून मोजलेल्या आकड्याशी ताडून बघण्याची ही सोय. २०२५ मध्ये राष्ट्राध्यक्षांच्या घोषणेने बऱ्याच कारखान्यांना या नियमातून दोन वर्षांची सवलत मिळाली. म्हणजे कोणत्या वर्षांसाठी कुंपणावरचा आकडा असेल आणि कोणत्यासाठी नसेल, हे आत्ता आपल्या डोळ्यांसमोर ठरतंय. पन्नास वर्षांनी कुणी यावर प्रबंध लिहील तेव्हा ही पोकळी त्याला दिसेल.

आपल्याकडे यातून काय घ्यायचं

भोपाळनंतर भारतात १९८६ चा पर्यावरण संरक्षण कायदा झाला. त्याखालच्या नियमांत १९९२ आणि १९९३ मध्ये पर्यावरण विवरणपत्राची तरतूद आली. त्याला 'फॉर्म पाच' म्हणतात. संमतीपत्र घ्यावं लागणाऱ्या कारखान्यांनी मार्चअखेर संपलेल्या वर्षासाठी तो ३० सप्टेंबरपर्यंत राज्याच्या प्रदूषण नियंत्रण मंडळाकडे द्यायचा. पाणी आणि हवेत काय सोडलं, मर्यादेपेक्षा किती फरक पडला आणि का, असे रकाने त्यातही आहेत. फरक आहे तो वाचक कोण यात. हा फॉर्म मंडळासाठी आहे. सगळ्या कारखान्यांचे आकडे एकत्र करून दर वर्षी लोकांसमोर ठेवावेत, असं त्या नियमात नाही. एकाच दुर्घटनेनंतर दोन देशांनी फॉर्म काढले, एकाने वाचक म्हणून लोक धरले, दुसऱ्याने मंडळ. महाराष्ट्रातल्या एखाद्या औद्योगिक पट्ट्यावर काम करणाऱ्याला २००५ चा माहिती अधिकार कायदा वापरून हे फॉर्म मागता येतात, आणि त्यावर तुलनात्मक काम करायला भरपूर जागा आहे.

शेवटी, कुठल्याही प्रदूषणाच्या आकड्याला विचारायचे पाच प्रश्न वहीत लिहून ठेवा :

१. हा अहवाल कोणत्या कायद्याच्या कोणत्या कलमाखाली भरला गेला?
२. भरणाऱ्याला कशाची भीती होती आणि कशाचा फायदा?
३. आकडा मोजला की काढला? पद्धत कोणत्या वर्षी बदलली?
४. कोण उंबरठ्याच्या बाहेर राहिलं, आणि कोणतं रसायन यादीच्या बाहेर?
५. तो वाचण्याचा हक्क कुणाला होता?

पाचव्या प्रश्नाचं उत्तर शोधताना बहुतेक वेळा तुम्हाला कुंपणापलीकडची माणसं सापडतात. लुइव्हिलचे कामगार, मॉसव्हिलचे रहिवासी, भोपाळमधले वाचलेले लोक. यातला एकही फॉर्म कुणाला आपणहून सुचलेला नाही. तेव्हा गाइडकडे आकड्यांचा तक्ता घेऊन जाल, तेव्हा रिकाम्या कोऱ्या फॉर्मची एक प्रतही सोबत न्या. चर्चा तिथून सुरू करा.